दुसरी रिंग

ताम्हिणी घाटात आमच्या गाडीचं इंजिन जाम झालं तेव्हा सकाळचे ७ वाजून ५१ मिनिटं झाली होती. चूक मात्र आदल्या संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास झाली होती. पुण्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या हातून. मधले तेरा तास ती गाडीच्या पोटात गप्प बसून होती. तेवढ्या वेळात ती मला अनेकदा दिसायला हवी होती आणि प्रत्येक वेळी मी दुसरीकडे पाहिलं. घरच्या घरी ऑइल बदलणाऱ्यांनी हे तास एकदा माझ्याबरोबर मोजावेत, म्हणून जसं घडलं तसं लिहितो आहे.

दुपारी ४.३० (उरले १५ तास २१ मिनिटं)

भाद्रपद शुद्ध द्वितीया. उद्या हरितालिका, परवा गणपती. दरवर्षीप्रमाणे माणगावजवळच्या गावी जायचं होतं, तिथे आई आणि अण्णा वाट पाहत होते. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवरची, छोटी. शेवटचं ऑइल बदलून तेरा महिने झाले होते आणि गाडी ११,००० किलोमीटर चालली होती. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दोन्ही मुदती उलटल्या होत्या आणि गणपतीच्या तोंडावर गॅरेजवाल्याकडे चार दिवस जागा नव्हती.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. लहानपणी त्यांचे पाने मी रॉकेलने पुसून दिलेले आहेत. स्कूटरचं ऑइल गेली अनेक वर्षं मीच बदलतो. गाडीचंही जमेल असं वाटलं, आणि आजही मला तसं वाटणं गैर वाटत नाही. काम अवघड नाही. ते बिनचूक करावं लागतं, एवढंच.

दुकानात गेलो. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल घेतलं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा सांगतो, गार इंजिनात तेल किती चटकन वाहील. नंतरचा आकडा सांगतो, इंजिन पुरतं तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, त्याचा घट्टपणा किती उरेल. ‘गाडी जुनी आहे, जाडं टाका, २०डब्ल्यू-५०,’ असा सल्ला दुकानात हमखास मिळतो, मलाही मिळाला. पण आजच्या इंजिनांतल्या फटी आणि वाटा पातळ तेल धरून आखलेल्या असतात. जाडं तेल सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरच्या भागात उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. मी ऐकलं नाही, ते बरं केलं. नवा फिल्टर घेतला. ड्रेन बोल्टचा नवा वॉशरही घेतला.

एक वस्तू घेतली नाही, फिल्टर खोलायचा पाना. फिल्टर हाताने घट्ट करायचा असतो, मग हाताने सुटेलच, असं मी धरून चाललो. तेरा महिने तापून-निवून बसलेला फिल्टर हाताने सुटत नाही.

संध्याकाळी ५.४० (उरले १४ तास ११ मिनिटं)

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. कोमट तेल पातळ असतं, ते पूर्ण उतरतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन जातं. गार तेल अर्धं आतच चिकटून राहतं आणि कडकडीत तापलेलं तेल हात भाजतं.

मग गाडी पुढून जॅकवर उचलली आणि खाली सिमेंटचे दोन ब्लॉक लावले. या एका वाक्यासाठी मला आजही अण्णांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर माणसाने गाडीखाली जायचं नसतं. सिमेंटचा ब्लॉक तर वाकत नाही, सूचना देत नाही, एका क्षणी भुगा होतो. गाडीखाली जायचं तर सपाट जागा, मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक, आणि वजन पेलणारे लोखंडी स्टँड हवेत. तेवढं नसेल तर गाडीखाली जाऊ नये. त्या संध्याकाळी ब्लॉक टिकले. सगळ्यात मोठी चूक हीच होती, आणि तिची शिक्षा मला झाली नाही.

संध्याकाळी ६.०५ (उरले १३ तास ४६ मिनिटं)

गाडीखाली पाहिलं तर दोन बोल्ट. एक इंजिनच्या चेंबरचा, एक गिअरबॉक्सचा. घरी ऑइल बदलताना गिअरबॉक्सचा बोल्ट खोलला जाणं ही नेहमीची चूक आहे. मग गिअरबॉक्स कोरडा पडतो, इंजिनात आधीच्या तेलावर नवं तेल जातं आणि काही किलोमीटरांत दोन्ही बिघडतात. मी पुस्तिकेतलं चित्र जुळवून पाहिलं आणि बरोबर बोल्ट खोलला. काळं तेल टोपात उतरलं. गिअरबॉक्सचं तेल सहसा इतकं काळं नसतं, त्यामुळे खात्री पटली.

बोल्ट नवा वॉशर घालून लावला. पुष्कळ छोट्या गाड्यांना इथे ३५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताण पुरतो. म्हणजे लहान पान्याने, मनगटाच्या जोराने. पान्याला पाइप लावून आवळला की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि शंभर रुपयांच्या कामाला चेंबर बदलावं लागतं. हेही मी नीट केलं.

संध्याकाळी ६.४० (उरले १३ तास ११ मिनिटं)

फिल्टर हलेना. हात तेलकट, फिल्टरचा डबा गुळगुळीत. पॉलिश पेपर गुंडाळून पाहिला, जुनी चादर गुंडाळून पाहिली. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि पार्किंगच्या कडेने पाणी आत येत होतं. अंधार पडत होता. वरून मुलीचा आवाज, ‘बाबा, बॅग कधी भरायची?’

मग मी तो उपाय केला जो सगळेच कधी ना कधी ऐकतात. फिल्टरमधून स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकला आणि त्याचा दांडा करून पिळला. पत्रा फाटला. आणखी पिळल्यावर फिल्टर झटक्याने सुटला आणि कोपरापर्यंत तेल ओघळलं. मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या हातात होता, तो तेलात पडू नये म्हणून मी खिशात टाकला. जुना फिल्टर टोपात उलटा टाकला.

चूक इथे झाली. फिल्टरच्या तोंडाशी काळ्या रबराची गोल रिंग असते. गॅरेजमधले लोक तिला रिंगच म्हणतात, काही जण पॅकिंग म्हणतात. इंजिनच्या सपाट तोंडावर ती दाबून बसते आणि सगळं तेल तिच्या जिवावर आत राहतं. वेडावाकडा पिळलेला, फाटलेला फिल्टर सुटला तेव्हा त्याच्याबरोबर ती रिंग आली नाही. महिनोन् महिने तापलेलं रबर इंजिनला चिकटून तिथेच राहिलं. काळ्या, तेलकट धातूवर काळी, तेलकट रिंग. टॉर्च खिशात होता. त्या जागेवरून फक्त बोट फिरवलं असतं तरी उंचवटा लागला असता.

अण्णा कोणतंही काम करताना शेजारी गोणपाट पसरत. सुटलेली प्रत्येक वस्तू त्यावर सुटल्या क्रमाने ठेवत, आणि बसवायला सुरुवात करण्याआधी ती मोजत. मी नव्या वस्तू मोजल्या होत्या. तेल आहे, फिल्टर आहे, वॉशर आहे. सुटलेल्या वस्तू मोजल्याच नाहीत.

संध्याकाळी ७.०५ (उरले १२ तास ४६ मिनिटं)

नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नवं तेल लावलं. हे करायचंच असतं. कोरडं रबर पिळताना सुरकुततं आणि पुढच्या वेळी सुटत नाही. फिल्टर आट्यांवर फिरवला, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा हाताने दिला. छान बसल्यासारखा वाटला.

आत काय झालं होतं ते सांगतो. नव्या रिंगला फिल्टरमध्ये खाच असते, तिच्या कडा रिंगला हलू देत नाहीत. पण माझी नवी रिंग इंजिनच्या धातूवर टेकलीच नव्हती, ती जुन्या रिंगवर टेकली होती. जुन्या रिंगला तर खाच उरली नव्हती. ती सपाट धातूवर नुसती चिकटून होती, बाजूला सरकायला मोकळी. रबरावर रबर, मध्ये तेलाचा बुळबुळीत थर. शिवाय जुन्या रिंगच्या जाडीएवढा फिल्टर आट्यांवर कमी चढलेला. हाताला यातलं काहीच कळत नाही. हात म्हणतो, घट्ट आहे.

संध्याकाळी ७.२० (उरले १२ तास ३१ मिनिटं)

तीन लिटर तेल ओतलं. इंजिन सुरू केलं. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा तीन-चार सेकंदांत विझला. रिकामा फिल्टर भरेपर्यंत तेवढं लागतंच. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं. डिपस्टिक पुसून पाहिली, तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली. अगदी हवं तसं. वाकून खाली पाहिलं. जमीन ओली होती. थोडं पावसाने, थोडं माझ्या सांडलेल्या तेलाने.

आधी जमीन पुसून, फिल्टर आणि बोल्ट फडक्याने कोरडे करून, खाली एक कोरा पुठ्ठा सरकवला असता आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवून, मध्ये रेस देऊन पाहिलं असतं, तर पुठ्ठ्याने मला सगळं सांगितलं असतं. ओल्या, तेलकट जमिनीवर नवा थेंब ओळखता येत नाही. मी बघितलं, पण बघून काही कळेल अशी सोय केली नव्हती.

जळकं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून ठेवलं. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नसतं. गॅरेजवाले ते साठवून शुद्धीकरणाला देतात, त्यांच्याकडे पोचवायचं. ते मी नंतर पोचवलं. हातांना साबण लावून वर गेलो.

रात्री ८.१५ (उरले ११ तास ३६ मिनिटं)

अण्णांचा फोन. ‘निघताय ना पहाटे?’

‘हो. आज ऑइल मीच बदललं, अण्णा.’

फोनवर क्षणभर शांतता. मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘फिल्टरची जुनी रिंग आली ना रे बाहेर?’

‘हो, हो. सगळं झालंय.’

मी खोटं बोलत नव्हतो. फिल्टर आला म्हणजे त्याची रिंगही आली, असं मला खरंच वाटत होतं. पण त्यांचा प्रश्न ‘तुला काय वाटतं’ असा नव्हता, ‘पाहिलंस का’ असा होता. जुना फिल्टर तेव्हा खाली टोपात होता. लिफ्टने जाऊन उलटा करून पाहायला दोन मिनिटं लागली असती. रिंगेची खाच रिकामी दिसली असती. मी जेवायला बसलो.

मध्यरात्रीनंतर (उरले सहा-सात तास)

या तासांत काही घडलं नाही. गाडी उभी होती, आम्ही झोपलो होतो. अशाच एका रात्रीची हकिगत मी नंतर वाचली. ती इथेच सांगायला हवी.

५ मे १९८३. अमेरिकेतल्या मियामी विमानतळावर ईस्टर्न एअर लाइन्सचं लॉकहीड ट्रायस्टार हे तीन इंजिनांचं विमान रात्रीच्या देखभालीसाठी उभं होतं. प्रत्येक इंजिनच्या तेलाच्या वाटेत एक चुंबकी बूच असतं. तेलात धातूचे कण आले तर ते त्याला चिकटतात आणि इंजिनची झीज कळते. मेकॅनिकांनी तिन्ही इंजिनांची बुचं काढून नवी लावली. एरवी ही बुचं रबरी रिंगा चढवलेलीच हातात येत. त्या रात्री ती स्टोअरमधून रिंगांशिवाय आली. रिंगा आहेत असं धरून ती तशीच लावली गेली. मग इंजिनं साधारण दहा सेकंद नुसती फिरवून गळती पाहिली. गळती दिसली नाही.

सकाळी ८.५६ ला विमान नासाउकडे उडालं. आत १६२ प्रवासी आणि १० कर्मचारी. ९.१५ ला मधल्या इंजिनचा तेलाचा दाब उतरला. वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान मियामीकडे वळवलं. थोड्या वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांचे काटेही शून्याकडे गेले. तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी संपणं शक्य नाही, काटेच बिघडले असणार, असं वैमानिकांना वाटलं. ९.२८ ला दुसरं इंजिन बंद पडलं, ९.३३ ला तिसरं. खाली समुद्र होता. प्रवाशांनी लाइफ जॅकेट चढवली. विमान इंजिनांविना सुमारे १३,००० फुटांवरून ४,००० फुटांपर्यंत घसरत आलं, आणि तेव्हा पहिल्यांदा बंद केलेलं इंजिन पुन्हा पेटलं. त्या एका इंजिनावर विमान ९.४६ ला मियामीत उतरलं. कुणीही दगावलं नाही. तपासात कळलं की बुचांच्या रिंगांच्या अशा चुका त्या कंपनीत आधीही डझनभर वेळा झाल्या होत्या.

तिथे रिंग नव्हती, माझ्याकडे एक जास्त होती. बाकी हकिगत एकच. अंधारात केलेलं काम, न पाहता धरून चाललेली गोष्ट, गळती दिसण्याइतका वेळ न दिलेली चाचणी, आणि काटा खरं सांगत असताना ‘काटाच खोटा’ म्हणणारी माणसं.

पहाटे ५.५० (उरले २ तास १ मिनिट)

सामान भरलं. मखराचं साहित्य डिकीत, मुलगी मागच्या सीटवर उशी घेऊन. पत्नीचा हरितालिकेचा उपास. गाडी सुरू केली.

रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तेल गार आणि घट्ट असतं. पहिल्या स्टार्टला पंप ते जोराने ढकलतो आणि दाब चार-पाच बारपर्यंत चढतो. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, हा त्याच्या दुप्पट. दोन रिंगा असल्या की अनेकदा याच क्षणी जुनी रिंग बाहेर फेकली जाते आणि गाडी पार्किंगमध्येच तेलाच्या थारोळ्यात उभी राहते. तसं झालं असतं तर आमचं नशीब थोर म्हटलं असतं. आमची रिंग फक्त थोडी सरकली.

गाडी मागे घेताना हेडलाइटच्या उजेडात ओल्या फरशीवर इंद्रधनुषी रंगाची एक पट्टी चमकली. ‘कालचं सांडलेलं,’ मी मनात म्हटलं. पण काल गाडी तिथेच उभी होती आणि ही पट्टी ताजी, लांब, आमच्या मागोमाग येणारी होती.

सकाळी ६.५५ (उरली ५६ मिनिटं)

पौडला चहाला थांबलो. पाऊस जोरात. दार उघडताच जळक्या ऑइलचा वास आला. पत्नी म्हणाली, ‘अरे, कसला वास येतोय बघ.’ मी म्हटलं, ‘काल सायलेन्सरवर थोडं सांडलंय, ते जळतंय. जाईल.’

हे उत्तर पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त धोक्याचं होतं. ऑइल बदलल्यावर पहिले काही किलोमीटर असा वास येऊ शकतो. पण आम्ही तासभर गाडी चालवली होती, कालचं तेल एव्हाना जळून जायला हवं होतं. बॉनेट उघडून डिपस्टिक ओढायला एक मिनिट लागलं असतं. पातळी काल वरच्या खुणेला होती, आज किती, एवढंच पाहायचं होतं. पाऊस होता. मी छत्री काढली नाही.

सकाळी ७.४६ (उरली ५ मिनिटं)

मुळशी धरणाचं पाणी मागे पडलं होतं. धबधबे, धुकं, उतरलेले ढग. मुलगी काचेला नाक लावून बसली होती. चढावर एक भरलेला टेम्पो पुढे होता. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून मी त्याला ओलांडलं आणि इंजिन ४,००० फेऱ्यांच्या वर गेलं.

इंजिन जितकं जोरात फिरतं तितका पंप जास्त तेल ढकलतो. सरकत आलेली जुनी रिंग त्या वेळी बाहेर आली. पंप मिनिटाला कित्येक लिटर तेल फिरवत असतो. वाट मोकळी मिळाली की तीन लिटरचं चेंबर रिकामं व्हायला मिनिटभरही पुरतं. इंजिनातून येणाऱ्या आवाजात काहीच बदल नव्हता. मागे रस्त्यावर आमचं तेल सांडत होतं.

सकाळी ७.४८ (उरली ३ मिनिटं)

‘बाबा, तो लाल दिवा कसला?’

किटलीसारखं चित्र आणि तिच्या तोटीशी थेंब. मी पाहिला. आणि मनात आलं, कालच तर तीन लिटर नवं तेल घातलंय, मी स्वतः डिपस्टिक पाहिली आहे. तेल कमी असणं शक्य नाही. पावसाचं पाणी सेन्सरवर गेलं असणार. पुढे रुंद जागा दिसली की थांबून पाहू.

हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि दाब अगदी तळाला पोचल्यावरच लागतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागणारी फट असते. दाबाखालचं तेल त्या फटीत पदरासारखं पसरतं आणि फिरणारा धातू त्या पदरावर तरंगतो. पदर गेला की धातू धातूवर घासतो. त्यामुळे तो दिवा लागला की करण्यासारखी एकच गोष्ट असते. पाय उचलायचा, रस्त्याच्या कडेला घ्यायचं, इंजिन बंद करायचं. त्या वेळी बंद केलं असतं तर इंजिन कदाचित वाचलं असतं. रुंद जागेसाठी मी पुढे चालवत राहिलो.

सकाळी ७.५१

आधी टॅपेटसारखी टकटक. मग खालून हातोडीचे घाव बसावेत तसा आवाज. गाडी खेचेना. मी क्लच दाबला तेवढ्यात इंजिन एका झटक्यात थांबलं. क्लच दाबलेला नसता तर ओल्या चढावर पुढची चाकं जागीच आवळली असती. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. मी एकदाच, घट्ट दाबला, हँडब्रेक ओढला. बॉनेटच्या फटींतून निळसर धूर येत होता. तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडतं तिथे आग लागू शकते. पत्नीने मुलीला उचलून डोंगराच्या बाजूला नेलं. मी मागच्या चाकाला दगड लावला आणि मग मागे वळून पाहिलं.

ओल्या डांबरावर चमकणारी पट्टी वळणापर्यंत गेली होती.

मी पळत निघालो, हात हलवत, ओरडत. टेम्पोवाल्याने वेग आधीच कमी केला होता. त्याच्या मागून दुचाकीवर दोन पोरं आली. पट्टीवर पुढचं चाक आलं आणि गाडी त्यांच्या खालून निसटली. दोघं घसरत रस्त्याच्या कडेपर्यंत गेले. हेल्मेट होती. एकाचं कोपर सोलवटलं, दुसऱ्याच्या गुडघ्याला लागलं. दोघं उठून उभे राहिले. मी त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पाठोपाठ आलेल्या एसटीचा कंडक्टर उतरला. टेम्पोवाला, दोन गावकरी, तो आणि मी, आम्ही रस्त्याकडेची माती आणि मुरूम हातांनी, डब्याने, मिळेल त्याने त्या पट्टीवर टाकत गेलो. इंजिन माझं होतं. पण तेल सांडलं होतं ते दुसऱ्यांच्या वाटेवर.

दुपारी २.१० (६ तास १९ मिनिटांनंतर)

अण्णा गावच्या मेस्त्रीला घेऊन टेम्पोने आले. त्यांनी आधी नातीला जवळ घेतलं, मग सुनेला विचारलं, ‘काही खाल्लंस का? उपास आहे म्हणून पाणीसुद्धा नसशील प्यायली.’ मग बॉनेटपाशी आले, खाली वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

मेस्त्रीने फिल्टर सोडवला. नवी रिंग फिल्टरच्या खाचेत शाबूत होती. जुनी अर्धी इंजिनला चिकटलेली, अर्धी जिभेसारखी बाहेर लोंबत होती. अण्णांनी टेम्पोतलं गोणपाट ओल्या गवतावर पसरलं आणि दोन्ही रिंगा त्यावर शेजारीशेजारी ठेवल्या. मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे इंजिन उघडल्यावर कळलं की बेअरिंग फिरलं होतं आणि क्रँक खरवडला होता. दुरुस्तीला जेवढे पैसे गेले तेवढ्यात गॅरेजमध्ये पंचवीस वेळा ऑइल बदलून झालं असतं. ते पैसे मी भरले आणि विसरलो. त्या दुचाकीवरच्या पोराचं सोलवटलेलं कोपर विसरलो नाही. त्या वळणावर घाटाचा कठडा होता. प्रत्येक वळणावर असतोच असं नाही.

त्यानंतर

ऑइल मी आजही घरीच बदलतो. सोडून देणं सोपं होतं, पण अण्णा म्हणाले, ‘शिकलास आता, तर नीट कर.’ लोखंडी स्टँड घेतले, फिल्टरचा पाना घेतला. काम दिवसाउजेडी करतो, प्रवासाच्या आदल्या दिवशी कधीच नाही. मधे दोन-तीन दिवस गावातल्या गावात गाडी चालवतो आणि रोज सकाळी खालचा पुठ्ठा पाहतो. इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा मिनिटं शेजारून हलत नाही. मग बंद करून, पाच मिनिटं तेल खाली उतरू देऊन डिपस्टिक पाहतो, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

आणि शेजारी गोणपाट पसरतो. सुटेल ते सुटल्या क्रमाने त्यावर ठेवतो. बोल्ट, जुना वॉशर, जुना फिल्टर, जुनी रिंग. चार वस्तू. चार झाल्याशिवाय नव्या वस्तूच्या खोक्याला हात लावायचा नाही.

गेल्या वेळी टॉर्च मुलीने धरला होता. फिल्टर सुटल्यावर तिने विचारलं, ‘बाबा, रिंग आली बाहेर?’

मी फिल्टर उलटा केला. खाचेतली काळी रिंग नखाने उचकटून तिच्या हातात दिली. मग इंजिनच्या तोंडावरून बोट फिरवलं, पूर्ण गोल, एकदा आणि पुन्हा एकदा. धातू गुळगुळीत लागला. तेव्हा म्हटलं, ‘हो. आली.’